पडद्यावरची रेघ आणि जमिनीवरचे माप

टॅब्लेटवर बोटाने रेघ ओढली की जमिनीवर बांधकामाची आखणी झाली, असा समज तंत्रज्ञानाच्या बातम्यांतून रूढ होत आहे. सुतळी, खुंट्या आणि चुन्याची फक्की आता इतिहासजमा होणार, असेही उत्साहाने सांगितले जाते. हा उत्साह मापनशास्त्राचा पहिला धडा विसरतो. ज्या आकड्यासोबत त्याची संभाव्य चूक सांगितलेली नाही, त्या आकड्यावर पाया खणता येत नाही.

कोलकात्याहून बराकपूरला जाणाऱ्या ट्रंक रोडलगत पाइकपाडा आणि सुखचर येथे दोन जुने मनोरे उभे आहेत. १८३१-३२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली या रस्त्यावर त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजली गेली. सपाट बंगालात टेकड्या नाहीत, म्हणून दूरवरचे कोन घेण्यासाठी मनोरे उभारावे लागले. मोजदांडे लोखंड व पितळ यांच्या जोडीचे होते. दोन्ही धातूंच्या प्रसरणातील फरकाचाच उपयोग करून टोकांच्या खुणांमधील १० फुटांचे अंतर तापमान बदलले तरी स्थिर राखले जाई. सुमारे १० किलोमीटरच्या एका रेषेसाठी एवढा खटाटोप झाला, कारण पुढच्या प्रत्येक त्रिकोणाची लांबी तिच्यावरच अवलंबून होती.

टॅब्लेटची पायारेषा कोणती, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. त्यातील उपग्रहग्राहक, बाहेरून दुरुस्ती न मिळाल्यास, मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकू शकतो. पडद्यावर खांबांतील अंतर तरीही मिलिमीटरमध्ये झळकते. ते मिलिमीटर आराखड्यातले असतात, जमिनीवरचे नव्हेत. कोपऱ्यापासून ३ मीटरवर दिशा ५ मिलिमीटरने ढळली, तर ३० मीटरवर ती चूक ५० मिलिमीटर होते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर ३० मीटरची पोलादी टेपही सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांबते. म्हणूनच गवंडी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ताडून पाहतो. त्या कृतीला मागासलेपणा म्हणणाऱ्यांनी स्वतंत्र पडताळणी कशाला म्हणतात, हे एकदा समजून घ्यावे.

टॅब्लेट निरुपयोगी नाही. सुधारित नकाशा तत्काळ जागेवर पोहोचतो, बदलांची नोंद राहते. टोटल स्टेशन किंवा सर्व्हे ऑफ इंडियाच्या अखंड कार्यरत संदर्भ-केंद्रांची दुरुस्ती घेणारा उपग्रहग्राहक जोडला, तर आखणीही विश्वसनीय होते. पण ते श्रेय संदर्भबिंदूचे आणि मापनयंत्राचे आहे. बातमीत झळकतो तो केवळ पडदा.

यात नुकसान कोणाचे? खांब चुकीच्या जागी उभा राहिला की दोष गवंड्याच्या माथी येतो, तोडफोडीचा खर्च घरमालकाच्या. ॲपचे जाहिरातदार दोन्हींपासून दूर असतात. म्हणून अशा प्रत्येक साधनाने संदर्भबिंदू, अपेक्षित चूक आणि कर्णांचा ताळा पडद्यावर दाखवणे बंधनकारक असावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही आधी सुतळीने एक काटकोन आखावा, त्यातील चूक मोजावी आणि मगच टॅब्लेट हाती घ्यावा.