गोड शेवटाची किंमत कोण मोजतो?

सुखान्त म्हणजे पळवाट, हे विधान मराठी समीक्षेत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला पुरावा लागेनासा झाला आहे. कोरियन मालिका पाहणारी विद्यार्थिनी असो की झाडीपट्टीचे नाटक पाहणारा धानउत्पादक शेतकरी, दोघांनाही ते ऐकवून आपण मोकळे होतो. आम्हाला हा निवाडा आळशीपणाचा वाटतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत दिवाळी सरली, धान घरात आले की मंडया भरू लागतात. वडशाहून नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव निघतात. रात्री उघडलेला पडदा पहाटेशिवाय पडत नाही. मंडईला पाहुणे येतात, सोयरिकीची बोलणी होतात. म्हणजे रंगमंचावर हुंडा, सासुरवास आणि फसवणूक यांची गोष्ट चाललेली असताना समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी मुलीचे लग्न ठरत असते. अशा प्रेक्षकांपुढे सुनेला न्याय देणारा शेवट हे स्वप्नरंजन कसे? तो चारचौघांसमक्ष दिलेला निकाल असतो आणि वरपक्षही तो ऐकूनच घरी जातो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपली परिभाषा मात्र ‘भडक’ या शब्दापुढे फारशी सरकलेली नाही.

शिवाय सुखान्ताचा हा तिटकारा आपल्या परंपरेतून आलेला नाही. संस्कृत नाटक बहुधा मंगलाकडेच जाते. ‘ऊरुभंग’ हा त्यातला ठळक अपवाद. देवलांच्या ‘शारदा’चा (१८९९) शेवटही गोडच. पण तो नीट पाहावा. भुजंगनाथाशी ठरलेले शारदेचे लग्न ऐनवेळी मोडते, ते दोघे सगोत्र निघतात म्हणून. वर म्हातारा आहे म्हणून नव्हे. तो सगोत्र नसता तर? शारदा-कोदंडाच्या मीलनाने सुखावलेल्या प्रेक्षकाला हा प्रश्न टोचत राहतो, आणि तो टोचावा यातच त्या शेवटाची ताकद आहे.

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ (२०१९-२०) या कोरियन मालिकेत दक्षिणेची श्रीमंत मुलगी आणि उत्तरेचा लष्करी अधिकारी अखेर भेटतात, पण स्वित्झर्लंडमध्ये, वर्षातून दोन आठवडे. सीमा जिथल्या तिथे राहते. याला पळवाट म्हणणाऱ्याने उरलेले पन्नास आठवडे मोजलेलेच नाहीत.

आमची तक्रार आहे ती वेगळ्याच ठिकाणी. झाडीपट्टीच्या अनेक नाटकांत (आणि मुंबईच्या मालिकांतही, त्यांना सूट कशाला?) नवरा दारू सोडतो, सासू रडते आणि सून दहा मिनिटांत सारे विसरते. तिथे गोड शेवटाचा सगळा खर्च एकट्या सुनेच्या नावावर मांडलेला असतो, आणि समोरच्या उपवर मुलीला ‘सोस’ एवढाच निकाल मिळतो. कठोर व्हायचे तर इथे व्हावे. त्यासाठी पहाटेपर्यंत बसावे मात्र लागेल. मध्यरात्रीच उठून गेलेल्या समीक्षकाला त्या सुनेने काय गमावले याचा हिशेब लागणार नाही.