लोणच्याची बरणी आणि तिची झिलई

चैत्र सरू लागला की किनवटच्या बाजारात कैऱ्या येतात आणि घरोघरच्या चिनी मातीच्या बरण्या फडताळातून बाहेर निघतात. या बरणीकडे आज आरोग्याच्या दृष्टीने पाहू या.

बरणीची चकाकी म्हणजे तिच्यावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. त्यास झिलई म्हणतात. तिचे मूळ द्रव्य वाळूतील सिलिका. ती एकटी वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते; म्हणून तिला लवकर वितळविणारी द्रव्ये मिसळतात. सुमारे १२०० अंशांवर भाजलेल्या दणकट बरणीत हे काम फेल्डस्पार व चुना करतात. कमी आचेच्या भांड्यांसाठी मात्र शिसे वापरण्याची जुनी रीत आहे. मेक्सिकोत त्यापासून होणारी विषबाधा सुपरिचित आहे. लोहाने झिलई तपकिरी, तांब्याने हिरवी, कोबाल्टने निळी होते. शिशाने तिला आरशासारखी लकाकी येते. तांब्याच्या हिरव्या झिलईतून शिसे अधिक सुटते.

कैरी, लिंबू, चिंच यांचे आम्ल महिनोन्महिने झिलईला भिडून राहते व त्यातील शिसे लोणच्यात उतरते. ते ना चवीला कळते, ना धुतल्याने जाते. शरीरात शिरलेले शिसे हाडांत अनेक वर्षे साठते आणि वार्धक्यात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात येते. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानलेली नाही; नातवंडांना तर ते अधिकच बाधते.

बरणीच्या तळाच्या झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. तो झटकन शोषला गेला, तर भांडे कमी आचेचे समजावे व त्यात आंबट पदार्थ ठेवू नये. थेंब तसाच राहिला तरी शिसे नाही, अशी खात्री होत नाही. ती प्रयोगशाळेतच होते. झिलईला तडे गेले असतील, ती खरखरीत झाली असेल किंवा आतील बाजूस रंगीत नक्षी असेल, तर लोणचे काचेच्या बरणीत भरावे.

घरातील वृद्धांना वारंवार पोटदुखी, बद्धकोष्ठ, पंडुरोग किंवा हातापायांस मुंग्या अशी लक्षणे असतील, तर अशा बरणीचा उल्लेख डॉक्टरांपाशी अवश्य करावा. रक्तातील शिसे तपासता येते. सासूबाईंची आठवण म्हणून जपलेली बरणी टाकून देण्याचे कारण नाही. ती दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवावी. दादरा मात्र काचेच्या बरणीला बांधावा.