गवतातून येणारा ताप

स्क्रब टायफस हा गवतातून येणारा ताप आहे. सूक्ष्म माइटची चिगर नावाची सहा पायांची अळी धुऱ्यावरच्या गवतात, झुडपांत दबा धरून असते. साध्या डोळ्यांना ती जवळपास दिसत नाही. तिचे खरे यजमान उंदीर. माणूस तिच्या वाटेत येतो तो निंदताना, वैरण कापताना किंवा उघड्यावर बसताना. चावा दुखत नाही, म्हणून आठवणीतही राहत नाही. 6 ते 21 दिवसांनी मात्र थंडी वाजून कडक ताप चढतो.

2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि लगतच्या भागात या रोगाची साथ आली, माणसे दगावली. धानाच्या बांध्या, गोसीखुर्दचे पाणी आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे रान यांच्या मधोमध वसलेल्या कुही तालुक्याने ती साथ विसरून चालणार नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे दिवस विशेष जोखमीचे.

खरी अडचण निदानाची आहे. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, प्लेटलेट घटणे ही सारी लक्षणे डेंग्यूसारखीच. डेंग्यूची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली की दुसरे सलाइन लागते आणि चार दिवस वाया जातात. चाव्याच्या जागी अनेकांना सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते; तीही दुखत नाही. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, स्तनांखाली, गुडघ्यामागे ती शोधावी लागते. बाई रुग्ण असली की संकोचापोटी ही तपासणी सर्रास टळते. हे थांबलेच पाहिजे. परिचारिकेने आडोशाला नेऊन पाहायला दोन मिनिटे पुरतात. खपली नसली, तरी रोग नाही असे मात्र समजू नये.

स्क्रब टायफसचा जंतू पेशींच्या आत राहतो. त्यामुळे पेनिसिलीनच्या कुळातली औषधे त्याच्यापुढे निकामी ठरतात. डॉक्सीसायक्लिन या स्वस्त गोळीने मात्र ताप बहुधा 48 तासांत उतरू लागतो. गरोदर स्त्रियांना ॲझिथ्रोमायसिन देतात. उशीर झाला की फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर घाला येतो. नागपूरचे मेडिकल रुग्णालय गाठेपर्यंत थांबण्याचा हा रोग नव्हे. लस उपलब्ध नाही.

गोचिडीचे रोग चिगरच्या या रोगाहून वेगळे. अमेरिकेतल्या लाइम गावात 1975 मध्ये लक्षात आलेला लाइम रोग भारतात तुरळक, तोही मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यात आणि ईशान्येत आढळतो. महाराष्ट्राला गोचिडीने दिलेला मोठा धडा सिंधुदुर्गातला: 2017 मध्ये बांदा परिसरात माकडतापाने बळी घेतले. गोठ्यात काम करणाऱ्यांनी म्हणूनच गोचीड बोटांनी चिरडू नये, तिच्यावर रॉकेल ओतू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि जागा साबणाने धुवावी.

चिगरपासून बचावही साधाच आहे: पूर्ण बाह्या, पायांत बूट, गवतावर थेट न बसणे, घरी येताच अंग घासून आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. घराभोवतीचे गवत वेळेत कापावे. नुसते उंदीर मारून भागत नाही, कारण जंतू मादी माइटकडून तिच्या अंड्यांतही उतरतो. ग्रामपंचायतींनी फवारणीइतकेच लक्ष गवतकापणीकडे द्यावे. आरोग्य केंद्रांनी डॉक्सीसायक्लिनचा साठा पावसाळ्याआधीच भरून ठेवावा. आणि ताप आलेल्याने, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, गेल्या तीन आठवड्यांत आपण कोणत्या गवतात, कोणत्या शेतात गेलो होतो ते स्वतःहून सांगावे.