एकटं गेलं तर खेळायला मिळेल का?

पुण्या-मुंबईत पिकलबॉलची कोर्टं भराभर उभी राहताहेत. क्रिकेटचं टर्फ असलेल्या जागेत एका कोपऱ्यात निळी-हिरवी फरशी रंगवली, दिवे लावले की कोर्ट तयार. ती वाढताहेत याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बुकिंगच्या रीतीबद्दल. बहुतेक ठिकाणी कोर्ट तासाच्या भाड्याने मिळतं, म्हणजे आधी चार भिडू जमवा आणि मग या. नवख्याजवळ नेमके भिडूच नसतात. म्हणून शिकायला जागा शोधणाऱ्याने पॅडल कार्बनचं घ्यावं की फायबरचं, कोर्टावर कुशन आहे का, असल्या चौकशा बाजूला ठेवाव्यात आणि फोनवर एकच गोष्ट विचारावी : एकटं आलं तर खेळायला मिळेल का? जागा नवख्याची आहे की नाही, ते या उत्तरावरून जितकं कळतं तितकं कोर्टाच्या फोटोंवरून कळत नाही.

गंमत अशी की खेळाने स्वतः नवख्याची पुरती सोय करून ठेवली आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुट्टीत कंटाळलेल्या घरच्यांसाठी तो जमवला गेला, तोही बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टावर, हाताला लागेल त्या सामानात. सर्व्हिस कमरेखालून, हात खालून वर नेत करायची, त्यामुळे टेनिससारखी तोफ डागता येत नाही. सर्व्हिसचा चेंडू एकदा टप्पा पडू द्यायचा, तो परत आला की आपल्या बाजूलाही एक टप्पा पडू द्यायचा. म्हणजे पहिल्या दोन फटक्यांत कुणालाच नेटवर झेपावता येत नाही. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला ‘किचन’ म्हणतात. तिथे उभं राहून अधांतरी चेंडू मारायला मनाई. ताकदवान माणसाची ताकद बोथट करणारे हे नियम आहेत, आणि साठीची बाई पंचविशीच्या मुलाशी दहा-बारा फटक्यांची रॅली करू शकते ती त्यांच्यामुळेच. नियमांनी उघडलेलं दार बुकिंगने लावून घ्यावं, हे मला विचित्र वाटतं.

अमेरिकेतल्या सार्वजनिक बागांमधल्या कोर्टांवर यावर फार साधा तोडगा रुळला आहे. आलेल्या माणसाने आपलं पॅडल कुंपणाशी रांगेत ठेवायचं. डाव संपला की चौघे बाहेर येतात आणि रांगेतली पुढची चार पॅडलं, म्हणजे त्यांचे मालक, आत जातात. ओळख लागत नाही, ग्रुप लागत नाही. हिशेबही सोपा आहे. अकरा गुणांचा डाव साधारण पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो, म्हणजे दोन तासांत एका कोर्टावर सहा-आठ डाव. आठ जण आले तर प्रत्येकाला तीन-चार डाव मिळतात आणि भाडं चौघांऐवजी आठांत वाटलं जातं. मधल्या बसण्याच्या वेळातही शिकणं चालूच असतं. दुहेरीत ‘शून्य-शून्य-दोन’ असं पुकारून डाव का सुरू होतो, सर्व्हिस परतवल्यावर माणूस लगबगीने पुढे का येतो, हे बाकावरून जास्त स्वच्छ दिसतं.

यावर चांगल्या खेळाडूंचा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. ज्याचा प्रत्येक तिसरा चेंडू नेटमध्ये जातो त्याच्याबरोबर रोज खेळायचं तर गोडी जाते. आपल्याकडे लहान मुलं अशा भिडूला कच्चं लिंबू म्हणून सांभाळून घेतात. पण कच्च्या लिंबाला कुणी बाद करत नाही तसं कुणी मोजतही नाही, आणि मोठ्या माणसाला तशी दया नको असते. म्हणून सरमिसळ बारमाही नको. आठवड्यातले ठरलेले दोन तास नवख्यांचे, बाकी वेळ ज्याचा त्याचा. त्या दोन तासांत एखादा जाणता माणूस तिथे हवा. लॉब, म्हणजे उंच मारलेला चेंडू, डोक्यावरून गेला तर उलट्या पावलांनी मागे धावू नका, वळून धावा. शेजारच्या कोर्टातून चेंडू घरंगळत आला तर ‘बॉल’ म्हणून ओरडा आणि खेळ थांबवा. जॉगिंगच्या बुटांपेक्षा कोर्टचे बूट बरे, हे सगळं त्याने पहिल्या दिवशीच सांगावं. हे न सांगणाऱ्या जागेला, तिथे सरबत फुकट मिळालं तरी, मी आपुलकीची जागा म्हणणार नाही. मालक म्हणतील, नुकसान होईल. पण दुपारी कोर्ट तसंही ओस पडलेलं असतं, आणि आज एकटा आलेला माणूस दोन महिन्यांत चार भिडू घेऊन बुकिंग करतो. कोच लावा म्हणणाऱ्यांचंही थोडं खरं आहे. पहिले दोन-तीन तास कोचकडून पकड आणि सर्व्हिस नक्की शिकावी. मात्र टोपलीतले चेंडू एकामागून एक मारून ‘मधला चेंडू कुणाचा?’ हा दुहेरीतला प्रश्न सुटत नाही.

मला वाटतं, नवख्याची खरी जागा झगमगत्या कोर्टांपेक्षा सोसायटीच्या आणि पालिकेच्या बॅडमिंटन कोर्टांवर आहे. पिकलबॉलचं कोर्ट वीस फूट बाय चव्वेचाळीस फूट, बॅडमिंटनच्या दुहेरीचंही तेवढंच. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस-रेघ नेटपासून साडेसहा फुटांवर असते, किचनची सात फुटांवर; म्हणजे अर्धा फूट पलीकडे चिकटपट्टी मारायची आणि नेट कडेला ३६ व मध्ये ३४ इंचांवर आणायचं. बॅडमिंटनवाले रागावतील, म्हणून त्यांच्या गर्दीच्या वेळा सोडून द्याव्यात. टणक पॅडलवर टणक चेंडूचा ‘टॉक टॉक’ आवाज इमारतीत चांगलाच घुमतो, तेव्हा रात्री आठनंतर खेळ बंद ठेवावा. त्याबाबत शेजाऱ्यांचं म्हणणं मला खेळणाऱ्यांपेक्षा जास्त पटतं. सोसायटीने चार पॅडलं आणि डझनभर चेंडू सामाईक घेऊन ठेवले तर पहिल्या दिवशी कुणाला खरेदीही करावी लागणार नाही. मग सूचनाफलकावर दोन ओळी पुरतात : शनिवारी आणि रविवारी सकाळी सात ते आठ, नवे खेळाडू. एकटे आलात तरी चालेल.