मनी चिडकी नाही, घाबरलीय!

दोस्तांनो, वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथल्या करुणाश्रमात जखमी, बेवारस प्राण्यांना सांभाळतात. अशी एखादी बेवारस मनी तुम्ही घरी आणलीत, आणि ती कूलरमागे दडते, फिस्कारते, सोफा ओरबाडते? मारू नका हं! ती घाबरलीय. काही दिवस तिला एकच शांत खोली, लपायला खोकं आणि वाळूचं घमेलं द्या. ओढून बाहेर काढू नका. नखं घासणं ही तिची गरजच. त्यासाठी लाकडाला गोणपाट गुंडाळून ठेवा. घमेल्याबाहेर वारंवार शू करत असेल तर दुखणंही असू शकतं, पशुवैद्यांना दाखवा. चावली, बोचकारलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, आईबाबांना सांगा, लगेच डॉक्टरांकडे जा. बाकी धीर धरा. मनी आपणहून जवळ येईल!