वाढदिवसाची आगीनगाडी

टी. नरसीपूर हे गाव, आमच्या वाचकांपैकी ज्यांची नेमणूक म्हैसूर जिल्ह्यात कधी झाली नाही, त्यांना बहुधा नावानेही ठाऊक नसेल. म्हैसूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर येथे कावेरी आणि कपिला यांचा संगम होतो. तिसरे स्फटिक सरोवर गुप्त आहे असे मानतात, आणि त्यावरूनच या स्थळाला तिरुमकूडलु, म्हणजे त्रिवेणी, हे नाव पडले. येथील गुंजानरसिंहाविषयी लोक अभिमानाने सांगतात की, हे क्षेत्र काशीहून गुंजभर अधिकच आहे. एवढे सारे असलेल्या या गावाला रेल्वे मात्र नाही. आगगाडी पाहावयाची तर म्हैसूर गाठावे, नाही तर नंजनगूडला जावे. अशा या गावी एका मराठी अधिकाऱ्याच्या चिरंजीवांच्या तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही गेलो होतो, आणि तो सगळा समारंभ आगगाडीचा होता. त्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहावे असे वाटते. यजमान आमचे स्नेही आहेत. ते रागावणार नाहीत अशी आशा आहे, आणि रागावले तरी लिहिणे भाग आहे, कारण हा प्रकार त्यांच्या एकट्याच्या घरचा नाही.

दाराशी मोठा कापडी फलक होता. त्यावर निळ्या रंगाचे, चेहरा असलेले एक विलायती इंजिन. आत शिरताना प्रत्येक मुलाच्या हाती इंग्रजीत छापलेले तिकीट पडत होते. भिंतींवर स्टेशनांच्या पाट्या होत्या, पण त्यांतले एकही स्टेशन हिंदुस्थानच्या नकाशावर सापडावयाचे नाही. म्हैसूरहून आलेला ठेकेदाराचा माणूस ध्वनिक्षेपक हाती धरून इंग्रजीत, आणि मधूनमधून हिंदीत, मुलांना हसण्याचे हुकूम सोडीत होता. शेजारची कानडी मुले नवे कपडे घालून भिंतीशी ओळीने बसली होती. त्यांना हुकूम कळत नव्हते, पण केक दिसत होता. केकही इंजिनाचाच. औक्षण झाले होते म्हणे. पण ते सकाळी, आतल्या खोलीत, पाहुणे येण्यापूर्वी उरकून घेतलेले.

मग केक कापण्याची वेळ आली. चिरंजीवांच्या हाती सुरी देऊन ती इंजिनाच्या तोंडावर टेकविताच पोराने भोकाड पसरले. “इंजिनाला लागेल!” एवढे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ध्वनिक्षेपकवाल्याला मराठी येत नव्हते. त्याने टाळ्या वाजविण्यास सांगितले, आणि टाळ्या वाजल्या. छायाचित्रे निघाली. पोर रडतच होते. शेवटी शेजारची एक पाच-सहा वर्षांची मुलगी उठली, तिने त्याचा सदरा मागून धरला, आपल्या धाकट्या भावाला आपला परकर धरावयास लावले, आणि “चुकुबुकु, चुकुबुकु” करीत ती गाडी अंगणात निघाली. दोन फेऱ्यांत रडणे थांबले. तिसऱ्या फेरीला आमचे चिरंजीव पुढून ओरडू लागले, “बेळगाव आले! मिरज आले! आजोबा आले!” त्या वेळी फलकाकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

या समारंभाविषयी आमच्या मराठी मंडळींत दोन मते ऐकू आली. पहिले मत वडीलधाऱ्यांचे. त्यांच्या मते वाढदिवस हा तिथीनेच करावा. इंजिन, केक आणि फुगे ही सारी परकीय थेरे होत. दुसरे मत तरुण अधिकाऱ्यांचे. पोराची हौस आहे, पैसा आपला आहे, बरोबरीची माणसे करतात तसे आपल्यालाही करावे लागते. यात बिघडले काय? आम्हांस ही दोन्ही मते मान्य नाहीत, आणि दोहोंपैकी दुसरे अधिक घातक वाटते.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. वर्धापनाचा विधी आम्हीही आदराने मानतो. मार्कंडेयाचे आणि चिरंजीवांचे स्मरण करून मुलाला तीळगूळ घातलेले दूध पाजावे, ही कल्पना सुरेख आहे, आणि ती टिकावी. परंतु जे गृहस्थ पगार इंग्रजी तारखेने घेतात, बढती इंग्रजी तारखेने मोजतात आणि निवृत्तही त्याच तारखेने होतात, त्यांनी तीन वर्षांच्या पोरालाच तेवढे पंचांगात कोंडून ठेवावे, हे काही न्यायाचे नाही. आणि आगगाडी परकी म्हणावी, तर ती परकी राहिली कोठे? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली. ती यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. तेव्हापासून मराठी मुलाने ‘आगीनगाडी’ हा शब्द आजीच्या तोंडून ऐकला आहे. पावणेदोनशे वर्षे होत आली. इतक्या दिवसांत परकी सूनदेखील घरची होते.

खरा वाद दुसऱ्या मताशी आहे. पोराला आगगाडीची हौस आहे, हे खरे. पण ती हौस कोठून आली, याचा विचार या आईबापांनी केला आहे काय? ज्या मुलाचा जन्म एका गावी, पहिले पाऊल दुसऱ्या गावी आणि पहिली शाळा तिसऱ्या गावी व्हावयाची, त्याचे गाव कोणते? घर सरकारी, नाही तर भाड्याचे. शेजारी दर तीन वर्षांनी नवे. अंगणातले झाडसुद्धा दुसऱ्याने लावलेले. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट तेवढी जागच्या जागी राहते: आजोळी नेणारी गाडी. तीच वरची फळी, तीच खिडकी, तीच स्टेशने ठरलेल्या क्रमाने. अरसीकेरे, दावणगेरे, हुबळी, धारवाड, लोंढा, बेळगाव, मिरज. धारवाडला पेढा, बेळगावला कुंदा, आणि मिरजेला फलाटावर उभे असलेले आजोबा. हा क्रम या मुलाला बाराखडीपूर्वी पाठ होतो. बदलीच्या नोकरीतल्या मुलाला गाव नसते असे नाही. त्याचे गाव लांबट असते आणि रुळांवर वसलेले असते, इतकेच. त्या गावाची भाषा मराठी असते, कारण त्या डब्यात आईबापांना कचेरी नसते आणि ते मुलाशी सलग वीस-वीस तास बोलतात. एरवी किती बोलतात, ते त्यांनीच सांगावे.

आणि नेमकी हीच गाडी आपण ठेकेदाराच्या हवाली करतो! बेळगाव पुसून त्या जागी कुठल्याशा विलायती परगण्यातले नाव लिहितो, मिरजेचे आजोबा उतरवून टाकतो, आणि वर म्हणतो की पोराची हौस केली. ही हौस पोराची नव्हे, आपली. पोराने आपल्याला बोट धरून आपल्या गावी नेले होते. आपण त्याचे बोट सोडून छायाचित्रकाराकडे पाहत उभे राहिलो.

या निळ्या इंजिनाचा इतिहास तरी यजमानांना ठाऊक असता! ते थॉमस नावाचे इंजिन विल्बर्ट ऑड्री नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे. त्याचा लहान मुलगा गोवराने अंथरुणाला खिळला होता. त्याला रिझविण्यासाठी बापाने इंजिनांच्या गोष्टी रचून सांगितल्या. त्यांचे पहिले पुस्तक १९४५ साली निघाले. थॉमस आला दुसऱ्या पुस्तकात, १९४६ साली. आणि त्याचा पहिला नमुना बापाने घरच्याघरी, केरसुणीच्या दांड्याचा तुकडा घेऊन पोरासाठी बनविला होता. दुकानातून आणला नव्हता. त्या बापाने आपल्या मुलाला आपल्या भाषेत आपल्या मुलखातली गाडी दिली. आपण त्याचे अनुकरण करतो म्हणावे, तर त्याने केले ते सोडून बाकीचे सर्व करतो.

साहित्य नव्हते, असेही नाही. बंगळूरहून म्हैसूरला येताना वाटेत चन्नपट्टण लागते. तेथील कारागीर लाकूड चरकावर फिरवून, त्यावर लाखेचे रंग चढवून जी खेळणी करतात, त्यांत आगगाडीही असते. आमच्या सावंतवाडीचा हा दूरचा भाऊबंदच. म्हैसुरास स्टेशनाजवळ १९७९ पासून रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे खरी वाफेची इंजिने आहेत आणि १८९९ सालचा महाराणींचा डबा आहे. नंजनगूडला कपिलेवर १७३५ साली बांधलेला जुना पूल उभा आहे. बांधला तेव्हा जगात आगगाडी नव्हती, पण पुढे त्याने तीही अंगावर वाहून नेली. त्या पुलाखालचे पाणीच पुढे या मुलाच्या गावी येऊन कावेरीला मिळते. हे त्याला दाखविण्यास एक रविवार पुरला असता, आणि ठेकेदाराच्या आगाऊ रकमेचा चौथा हिस्साही लागला नसता.

शिवाय हा लोहमार्ग आपल्याला इतका परका मानण्याचे कारण नाही. १८७६–७८ च्या दुष्काळाने दक्षिण पोळून निघाल्यावर, धान्य वेळेवर पोहोचावे म्हणून या भागात जे रूळ पडले, ते टाकणाऱ्या कंपनीचे नावच ‘सदर्न मराठा रेल्वे’ असे होते. १८८२ साली ती निघाली, तिचे ठाणे धारवाडास होते, आणि म्हैसूर संस्थानाच्या गाड्याही काही काळ तिनेच चालविल्या. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेशी जोडली गेली, १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली. नाव मराठा, कचेरी धारवाडी, मुलूख कानडी, मालक इंग्रज. एवढी सरमिसळ ज्या रुळांनी पचविली, त्यांच्यावर शेजारची चार कानडी मुले आणि आपला एक मुलगा मिळून एक गाडी सहज धावली असती. धावलीच की! ती ठेकेदाराने धावविली नाही, एवढेच.

आता औक्षणाविषयी. ते आतल्या खोलीत का उरकले? लाज कोणाची वाटली? समोरच्या कानडी घरातही मुलाच्या वाढदिवशी आरती ओवाळतात. त्या माउलींना बोलावून पाटाभोवती बसविले असते, तर त्यांना इंग्रजी तिकिटापेक्षा ते निरांजन अधिक ओळखीचे वाटले असते, आणि त्यांनीही एक-एक ओवाळणी केली असती. आपण शेजाऱ्यांना प्रेक्षक म्हणून बोलाविले. पाहुणे म्हणून बोलाविले नाही. परप्रांतात नोकरी करणाऱ्याने हा भेद विसरू नये. संध्याकाळी पोराला ताप भरला, तर औषध आणावयास म्हैसूरचा ठेकेदार येणार नाही. समोरच्या घरचे लोक येतील.

आमचे म्हणणे गाडी बंद करा असे नाही. ती सोडा, पण आपल्या स्टेशनाहून सोडा. पुठ्ठ्यावर कोळशाने ‘मिरज’ लिहा आणि त्याखाली शेजारच्या मुलीकडून तेच कानडीत लिहवून घ्या. डबे खोक्यांचे असोत, गार्डाची शिटी दोन रुपयांची असो. आजोबांना आठ दिवस आधी बोलावून घ्या आणि शेवटच्या स्टेशनावर खुर्ची टाकून बसवा. केक हवाच असेल तर चौकोनी आणा. इंजिनाच्या तोंडावर सुरी चालवावयास लावू नका.

हे सारे आम्ही यजमानांना त्याच रात्री तोंडी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी करू, पण तोवर आम्ही येथे असू की नाही, कोणास ठाऊक. बदलीची ऑर्डर केव्हाही येईल.” हे ऐकून कोपऱ्यात लोळत असलेल्या चिरंजीवांनी मान वर केली आणि विचारले, “तिथे स्टेशन आहे?”