'चर्चा करा' म्हणजे नेमके काय करा?

हिवाळी सत्राचे निकाल लागले की छायाप्रतींच्या तक्रारींची पत्रे आमच्याकडे येतात. यंदा एका ग्रामीण महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विद्यार्थिनीच्या संमतीने पाठवलेली छायाप्रत वाचली आणि स्वस्थ बसवेना.

प्रश्न असा: '१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांचे टीकात्मक परीक्षण करा.' गुण १५. मुलीने कर्जरोखे, कापसाचे कोसळलेले भाव आणि वाढीव सारा ही तीन कारणे एका परिच्छेदात उरकली आणि मग खरा मुद्दा धरला. सरकारी आयोगाने खापर सावकारांवर फोडले; पण साराही सरकारचा आणि आयोगही सरकारचाच, तर त्या निष्कर्षावर विसंबायचे किती? १२ मे रोजी सुप्याला लोकांनी वह्या आणि रोखेच हुडकून का जाळले, यावरून राग नेमका कोणावर होता हे ताडायचा तिने प्रयत्न केला. उत्तरात चुका आहेत. १८७९ चा शेतकरी कायदा तिने दंग्यांच्या आधीचा धरला आहे. पण प्रश्नाने सांगितलेले काम तिने केले. गुण मिळाले ६. समासात शेरा: 'मुद्दे अपुरे'.

एकट्या परीक्षकाला बोलून उपयोग नाही. त्याला मिळालेल्या उत्तरसूचीत सात कारणे होती, प्रत्येकी २ गुण, मांडणीला १. तीन कारणांचे ६ झाले. बाकीची दोन पाने त्या सूचीत कुठेच बसत नव्हती. 'कारणे सांगा' एवढेच विचारले असते, तरी सूची हीच राहिली असती!

हे कसे घडते ते प्राश्निक म्हणून बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संचासोबत तक्ता भरायचा असतो: प्रश्नासमोर अभ्यासनिष्पत्तीचा क्रमांक आणि ब्लूमची पातळी. 'विश्लेषण', 'मूल्यमापन' हे रकाने रिकामे दिसले की संच परत येतो. मग जुना प्रश्न काढायचा, 'सांगा' खोडून 'टीकात्मक परीक्षण करा' लिहायचे. तक्ता भरला, संच मंजूर. उत्तरसूची मात्र जुनीच जोडलेली. तक्ता तपासणाऱ्याने ती उलटून पाहिली असती तर दोन मिनिटांत लक्षात आले असते. १९५६ ची ती वर्गवारी मुलांनी कसा विचार करावा यासाठी होती. आपण तिचा फॉर्म करून टाकला.

त्यात 'टीकात्मक' हा शब्द. मुले त्याचा अर्थ 'दोष काढा' असा घेतात आणि त्यांचे काही चुकत नाही, घरीदारी टीका म्हणजे तेच. 'चिकित्सक' किंवा 'साधकबाधक' लिहायला काय हरकत आहे? आणि मराठी माध्यमाच्या मुलाच्या हातात 'संदर्भासाठी मूळ इंग्रजी प्रश्नपत्रिका पाहावी' असे छापलेला कागद देणे ही त्या मुलाची थट्टा आहे. अभ्यास मंडळांवर आपलीच माणसे आहेत. ती गप्प का?

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली. तिथे आपली मुले विचारलेल्या प्रश्नाऐवजी प्रकरणाचे सगळे टिपण उतरवून येणार असतील, तर ती सवय आपणच तीन वर्षे गुण देऊन लावलेली आहे.

मित्रहो, उन्हाळी सत्राचे संच काढायला तुम्ही आता बसाल. उत्तरसूची आधी लिहा, क्रियापद मागाहून. 'परीक्षण करा' लिहिलेत तर निम्मे गुण युक्तिवादासाठी राखा आणि तसे सूचीत स्पष्ट नोंदवा, म्हणजे केंद्रीय मूल्यमापन केंद्रावर दिवसभर गठ्ठे उपसणाऱ्या परीक्षकाच्या हाती काही आधार राहील. नियामकांनी सूची जुळत नसलेला संच परत पाठवावा, मग तारीख पुढे गेली तरी चालेल. वर्गात एकच विषय घेऊन 'वर्णन करा', 'कारणमीमांसा करा' आणि 'चर्चा करा' अशी तीन उत्तरे मुलांकडून लिहून घ्या; एक तास पुरतो. आणि झालेल्या परीक्षांतील एक प्रश्न, तुम्हाला मिळालेली त्याची उत्तरसूची आणि तुम्ही दुरुस्त केलेली सूची आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची आठ पाने त्यासाठी मोकळी ठेवली आहेत.